तिसऱ्या हाकेनंतर

“कोण रवला काय रेऽऽ?”

ट्राममधून उतरताना, सुपरमार्केटमधून बाहेर पडताना, डॉक्टरकडच्या बाकावरून उठतानासुद्धा काका दारात थांबायचे, आत तोंड करायचे आणि ही हाक मारायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मग पाय बाहेर. रॉटरडॅमच्या ट्राममध्ये मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा लाजेने खिडकीबाहेर बघत बसले. डच माणसं अशा वेळी काही बोलत नाहीत, नुसती बघतात. बोललेलं परवडलं.

“काका, इथे कोण राहणार आहे मागे? शेवटचा स्टॉप आहे हा,” मी म्हटलं.

“म्हणान तर इचारूचा,” ते म्हणाले. “शेवटाकच मानूस रवता.”

रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. इमारत जुनी. प्रत्येक मजल्यावर लांबलचक उघडी गॅलरी, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओळीने दारं. चाळीत वाढलेल्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. फक्त इथली दारं बंद असतात. काका मालवणकडच्या एका खेड्यातले, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. मुलगा आयटीत, सून आयटीत, सहा वर्षांची नात मराठी ऐकायची आणि डचमध्ये उत्तर द्यायची. काका आले आणि दोन आठवड्यांत जग बंद झालं. परतीचं तिकीट दोनदा काढलं, दोनदा विमान रद्द झालं. मग मुलाने ठरवलं की लस येईपर्यंत बाबा इथेच थांबतील. बाबांना कुणी विचारलं नाही. असल्या गोष्टी बाबांना विचारायच्या नसतात, अशी आपल्याकडे पद्धत आहे.

मी कोण, तेही सांगून टाकते. मी भाडेकरूंच्या संघटनेचं काम करते. लिफ्ट बंद, भिंतींना बुरशी, हवा खेळायचे झरोके तुंबलेले, आणि इमारतीच्या मालकांचं उत्तर मात्र दर वेळी छान कागदावर. त्याविरुद्ध पत्रकं लिहायची, पेट्यांत टाकायची, दारं वाजवायची. त्याआधी पुण्यात कॉलेजात असताना अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटली. लिंबू-मिरची, भानामती, अमावस्या, सगळ्यांवर. भूत दाखवा आणि बक्षीस न्या, असं चौकात ओरडलेली मुलगी आहे मी. आणि साथ आली तेव्हा इथल्या मराठी मंडळींसाठी ‘घरात राहा’ हे मराठी पत्रकही मीच लिहिलं. ठळक अक्षरं, शेवटी उद्गारचिन्ह.

काकांनी ते पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं.

“बरा लिवलंस गो चेडवा,” ते म्हणाले. “पण उलटा लिवलंस.”

“उलटं?”

“गावात कायतरी शिरला तर घरात रवाचा नसता. भायर पडूचा असता. सगळ्यांनी. एकदम.”

मग त्यांनी मला गावपळण सांगितली. मालवणकडच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी, दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की, देवाचा कौल घेऊन अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. गुरं जातात, कुत्री जातात, खुराड्यातल्या कोंबड्या जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत बसवून खांद्यावर नेतात. तीन दिवस, तीन रात्री गाव त्यांचं. ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, हे काका कधी स्पष्ट बोलायचे नाहीत, हाताने नुसतं जमिनीकडे दाखवायचे. वेशीबाहेर नारळाच्या झापांच्या झोपड्या, चुली, पोरांचा धिंगाणा, भजनं. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परत यायचं.

काकांच्या घराण्याकडे त्यात एक मान होता. सगळे बाहेर पडले की त्यांच्या घरातल्या पुरुषाने रिकाम्या गावातून एकट्याने फिरायचं, प्रत्येक घरासमोर उभं राहून हाक मारायची. कोण रवला काय. तीन वेळा. माणूस मागे राहिला असेल तर तीन हाकांच्या आत ओ देतो.

“आणि तिसऱ्या हाकेनंतर ओ आली तर?” मी विचारलं. माझा स्वर बक्षीस लावलेल्या चौकातलाच होता.

काकांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. “तर मगे ता मानूस नसता. पाठ फिरवची आणि चलाक लागायचा.”

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. मे महिन्यातली दुपार होती, खाली कालव्यात बदकं होती, आणि हा मोठा माणूस नुसतं ते वाक्य बोलून घामेजला होता.

भित्रे होते ते, सरळ सांगते. लिफ्टला भ्यायचे, सरकत्या जिन्याला भ्यायचे, सायकलच्या रस्त्याला तर इतके की तो ओलांडताना माझा दंड पकडायचे. आपण भितो हे लपवण्याचा मात्र त्यांना कंटाळा होता. “माका भय वाटता,” असं ते, माणूस मला भूक लागली म्हणतो तसं म्हणायचे. एवढ्या सहजपणे हे वाक्य बोललेला दुसरा पुरुष मी अजून पाहिलेला नाही.

त्यांच्या शेजारच्या घरात एक डच बाई एकट्या राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, सरळ पाठीच्या. काका त्यांना ‘मेव्राउ’ म्हणायचे. म्हणजे बाईसाहेब. डचमधला तेवढाच एक शब्द त्यांना येत होता आणि त्यावर त्यांनी अख्खा उन्हाळा काढला. दोघं आपापल्या दारात खुर्ची टाकून, मध्ये नियमाचं अंतर ठेवून बसायची. काका मालवणीत बोलायचे, बाई डचमध्ये. एकदा काकांनी त्यांना वाटीभर सोलकढी दिली. बाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि वाटी कठड्यावर ठेवून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी दिली. काकांचा चेहराही तसाच झाला.

“फिटला,” काका म्हणाले.

ऑक्टोबर आला आणि ही मैत्री बिघडली.

या देशात हॅलोविन काही फार जुना नाही म्हणे. दुकानदारांनी आणला आणि पोरांनी उचलून धरला. (त्यावरही मी एक पत्रक लिहिणार होते.) मेव्राउंना मात्र त्याची भारी हौस. त्या वर्षी पोरांनी दारोदार फिरायचं नाही असं ठरलं होतं. त्याऐवजी खिडक्यांत, दारांत भोपळे ठेवायचे आणि पोरांनी ते लांबूनच मोजत जायचे. मेव्राउंनी दाराबाहेर स्टुलावर कोरलेला भोपळा ठेवला. तिरके डोळे, खाली दातांची रांग, आत मेणबत्ती. आणि दाराच्या वर जुन्या चादरीचं भूत टांगलं.

काका माझ्याकडे धावत आले. धावत म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना जमेल तसे.

“चेडवा, तिका सांग. भूत दारात टांगूचा नसता. टांगल्यार तेका वाटता आपणाक बोलावलानी.”

मी मेव्राउंना सांगितलं. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, “त्यांना सांग, हे मुलांसाठी आहे. मुलांना घाबरायला आवडतं.”

“आवडता?” काका म्हणाले. “मगे माझ्याकडे धाडूक सांग. मी फुकट घाबरवतंय.”

चादर तिथेच राहिली. भोपळ्याचं मात्र युद्ध झालं. रोज संध्याकाळी काका बाहेर यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि त्या भोपळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायचे. सकाळी मेव्राउ दार उघडायच्या आणि तो पुन्हा सरळ करायच्या. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. मी कामाला निघताना भोपळा माझ्याकडे बघायचा, परतताना भिंतीकडे. मला वाटतं दोघांनाही मजा येत होती. काकांनी ते कबूल करणं शक्य नव्हतं.

त्याच दिवसांत एका दुपारी त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. काका तेव्हा दहा-बारा वर्षांचे, पुढे हा मान चालवायचा म्हणून शिकायला वडिलांबरोबर शेवटच्या फेरीला गेले होते. गाव ओस. पायवाटेवर पाचोळासुद्धा हलत नव्हता. एका बंद घरासमोर वडिलांनी तीन हाका मारल्या. काही नाही. वळले. आणि मागून कुणीतरी ओ दिली.

“बाईचो आवाज काय बाप्याचो, ता आज पण माका सांगाक येवचा नाय,” काका म्हणाले. “बारीक. दमल्यासारो.”

वडिलांनी मुलाचा हात धरला आणि चालू लागले. नियम तसाच होता. तीन दिवसांनी गाव परतलं. सगळी माणसं, सगळी गुरं जागेवर. त्या घरात कुणी नव्हतं, कुणी राहिलेलंही नव्हतं.

“म्हणजे भास,” मी म्हटलं. “वारा. कौलं. शंभर कारणं असतात.”

“आसतली,” काका म्हणाले. “पण बापूस माझो मरासर जेवता-जेवता थांबायचो आणि माका इचारायचो, ‘परत जावक व्हया होता काय रे?’”



ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मी पेट्यांत कागद टाकून वर आले तेव्हा अंधार पडला होता. नुकतीच घड्याळं मागे गेलेली, त्यामुळे पाचलाच दिवस बुडायचा. गॅलरीत कुणाकुणाच्या दारात भोपळे पेटले होते. काका मेव्राउंच्या दारासमोर उभे होते. त्यांच्या मागे, आपल्या घराच्या उंबऱ्यावर, नात. काळे कपडे, त्यावर पांढरी हाडं छापलेली.

“चेडवा, भोपळो बघ.”

भोपळा भिंतीकडे तोंड करून होता. आत उजेड नव्हता.

“मग? तुम्हीच फिरवलात ना?”

“मिया परवा फिरवलंय.”

ते काय सांगत होते ते कळायला मला थोडा वेळ लागला. काल सकाळी तो कुणी सरळ केला नव्हता. आजही नाही.

“मुलीकडे गेल्या असतील,” मी म्हटलं. “सध्या म्हाताऱ्या माणसांना घरी घेऊन जातायत लोक.” असं म्हटलं खरं, पण मेव्राउंची मुलगी कॅनडात आहे हे मला ठाऊक होतं. मी घंटा दाबली. आत घंटा वाजल्याचं ऐकू आलं. मग काही नाही. पुन्हा दाबली. खिडकीला पडदा. फटीतून काळोख.

मी म्हटलं, इमारतीच्या माणसाला फोन करते. केला. शनिवार होता. एका यंत्राने मला सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

काकांनी टोपी काढून खिशात घातली. दारासमोर नीट उभे राहिले. आणि हाक मारली. ट्राममधली नव्हे ही. मोठी, लांब, पोटातून आलेली. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

“कोण रवला काय रेऽऽ?”

काही नाही.

दुसरी. गॅलरीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

तिसरी.

आम्ही उभे. माझ्या हातात फोन, त्यात ते यंत्र बोलतंय. काकांनी श्वास सोडला, टोपी डोक्यावर घातली आणि पाठ फिरवली.

टक.

आतून. दाराच्या खालच्या बाजूने. नखाने वाजवावं तसं.

टक.

वाचकहो, मी तुम्हाला फसवणार नाही. त्या क्षणी मला दार वाजवणारं माणूस आठवलं नाही. मेव्राउ आठवल्या नाहीत. मला रिकामं गाव आठवलं, मी कधीही न पाहिलेलं. वर ती चादर वाऱ्याने फुगली, खाली बसली. मला बुद्धी आहे, पदवी आहे, पुण्यातल्या चौकाचौकात मी भुताला आव्हान दिलंय, आणि माझा हात त्या दाराकडे जाईना.

काकांनी कठडा पकडला होता. “आयकलंस?” ते कुजबुजले. “मानसाचा न्हय ह्या.”

“काका...”

“तिसरे हाके मागसून आयली ओ.” ते घराकडे दोन पावलं गेले. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला आत ढकललं, दार ओढून घेतलं. मला वाटलं आता तेही आत जाणार. त्यांनी तेच करायला हवं होतं. त्यांच्या घराण्यात तेच करत आले होते.

ते तसेच उभे राहिले, दाराच्या मुठीवर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून. मग ते वळले आणि परत आले. आयुष्यात माणसं अनेकदा परत आलेली पाहिलीत, पण इतकं भिऊन कुणी आलेलं पाहिलं नाही. कठडा धरून, एकेक पाऊल. मेव्राउंच्या दारापाशी ते गुडघ्यांवर बसले. जुन्या दारांना खाली पत्रं टाकायची फट असते ना, तिचं झाकण आत ढकललं, तोंड लावलं.

“मेव्राउ!” ते ओरडले. “मेव्राउऽ! मिया आसंय!”

आणि फटीतून हात आत घातला. कोपरापर्यंत.

ते किंचाळले. भर गॅलरीत, मोठ्याने. माझ्या घशातूनही काहीतरी निघालं. मी त्यांच्या खांद्याला धरून मागे ओढायला गेले, तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला झिडकारलं.

“ओढू नको! धरल्यान!” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझो हात धरल्यान गो. थंड आसा. थंड आसा. फोन कर!”

मग मी फोन केला. जिथे करायला हवा होता तिथे.

आग विझवणारे आले, रुग्णवाहिका आली. दार फोडायच्या आधी ते काकांना बाजूला व्हा म्हणाले. काकांनी हात काढला नाही. कारण आतला हात सोडत नव्हता. शेवटी दाराचा वरचा काचेचा भाग काढून एक जण आत उतरला, आणि मेव्राउंची बोटं एकेक करून सोडवली. त्या दारामागच्या अरुंद बोळात पडलेल्या होत्या. ताप होता, खुबा मोडला होता, ओठ फाटले होते. जिवंत होत्या.

रुग्णवाहिकेची माणसं पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, डोळ्यांवर प्लास्टिकची ढाल. गॅलरीच्या टोकाला भोपळे मोजायला निघालेली दोन पोरं उभी होती. ती टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हॅलोविनचे कपडे आहेत. त्यांच्या आईने त्यांना ओढत नेलं.

काका भिंतीला टेकून बसले होते. आपला उजवा हात मांडीवर वेगळा ठेवून त्याच्याकडे बघत होते.

मेव्राउंना कोरोना निघाला. काकांनी उघड्या हाताने, उघड्या तोंडाने त्यांना धरलं होतं. मुलाने त्यांना छोट्या खोलीत वेगळं ठेवलं. जेवणाचं ताट दाराशी. ते आजारी पडले नाहीत. पण पुन्हा पूर्वीसारखे झालेही नाहीत. खोलीतून बाहेर यायचे दिवस भरले तरी बाहेर येईनात. नात दाराशी गेली की आतून ओरडायचे, “लांब रव! लांब रव!”

मुलाला वाटलं कोरोनाची भीती. तो मला म्हणाला, “तू समजाव. तुझं ऐकतात. टेस्ट निगेटिव्ह आहे, दोनदा केली.”

मी बंद दारापाशी खुर्ची टाकून बसले आणि त्यांना चाचणी म्हणजे काय, विषाणू किती दिवस राहतो, सगळं समजावलं. फार छान समजावलं.

“कोरोनाक कोण भियेता?” आतून आवाज आला. “चेडवा, तिसरे हाकेनंतर ओ दिली आणि आपण परत गेलंव, तर ता आपल्यावांगडा घराक येता. आता ह्या घरात चेडू आसा. बारक्या.”

“काका, आत मेव्राउ होत्या. माणूस होतं!”

“ती होती. ता माका ठाव आसा. तिचो हात मानसाचो होतो.” मग दाराच्या अगदी जवळून, हळू आवाजात, “पण ओ कोणी दिल्यान?”

मी चिडले. खरंच चिडले. एका माणसाने एका बाईचा जीव वाचवावा, आणि त्यासाठी त्याला अंधाऱ्या खोलीत बसून थरथरावं लागावं! अख्खी इमारत दोन दिवस त्या दारावरून येत-जात होती. मी येत-जात होते, हातात ‘शेजाऱ्यांची काळजी घ्या’ असं छापलेले कागद घेऊन. एकट्या माणसांना घरात राहा म्हणून सांगणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही की कोण राहिलं ते बघून येऊ. आणि ज्याच्या मनात आलं तोच गुन्हेगारासारखा बसलाय. ठरवलं, मेव्राउंनाच विचारते. त्यांच्या तोंडून ऐकलं की प्रश्न मिटेल.

मेव्राउ आता खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चालण्याचे व्यायाम करवून घेणाऱ्या एका संस्थेत होत्या. भेटायला बंदी. मी व्हिडिओवर बोलले. आवाज खोल गेला होता, पाठ मात्र उशीवरही सरळ.

“तुम्ही दार वाजवलंत ना?” मी विचारलं. “कशाने? बुटाने? त्यांना सांगायचंय.”



“मी वाजवलं?” त्या म्हणाल्या. “नाही गं. एक हात माझ्या अंगाखाली अडकला होता. मला कशाची शुद्धच नव्हती. कुणीतरी माझा चेहरा शोधत होतं, त्या हाताने मी जागी झाले. तोवर मी काहीच ऐकलं नाही.”

मी फोन ठेवला आणि घरातले सगळे दिवे लावले.

त्याची कारणं आहेत. बेशुद्धीत माणूस हलतं. पाय झटकतं. जाग आल्यावर आधीचं आठवत नाही. जुन्या इमारतीत गरम पाण्याचे नळ संध्याकाळी टकटक करतात. मी ही कारणं कागदावर लिहून काढली आणि एकेक वाचली. सगळी पटण्यासारखी होती. तरीही त्यानंतर लिफ्ट बंद असली की मी मेव्राउंच्या दाराकडच्या जिन्याने चढत नसे. लांबच्या जिन्याने यायची.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराशी बसले.

“बुटाने, काका,” मी म्हटलं. “त्यांच्या हाताशी बूट होता. तो दारावर आपटला. तुमच्या तिन्ही हाका त्यांनी ऐकल्या होत्या, पण बूट हाताशी यायला वेळ लागला. म्हणून उशीर झाला.”

आत हालचाल झाली. दार पहिल्यांदाच उघडलं. काका दाढी वाढलेले, डोळे खोल.

“बुटान?”

“बुटाने.”

“तुका खोटा बोलूक येणा नाय गो,” ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोच हात. “पण बरा केलंस.”

त्या आठवड्यात त्यांनी मुलाला सांगितलं, मी जातो. मुलगा भांडला, सून रडली. विमानात संसर्ग, गावात दवाखाना नाही, हृदयाच्या गोळ्या, सगळं काढून झालं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जे काय आसा ता माझ्या मागसून आयला. ता मी घेवन जातंय. पोरीच्या घरात ठेवचंय नाय.

मी मध्ये पडले नाही. का पडले नाही, हे मी त्यांच्या मुलाला अजून सांगितलेलं नाही.

काका गावी गेले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट त्यांच्या तालुक्यात पोचली. त्यांना दवाखान्यात खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले, आणि खाट मिळाल्यावर एकच दिवस. मुलाने इथून फोनवर पाहिलं. तो विषाणू होता, आणि प्राणवायूची टंचाई होती, आणि त्याला जबाबदार असलेली माणसं जिवंत आहेत, पोट भरून जेवतायत. हे मी ठणकावून सांगेन, कुणीही विचारा. पण काका कशाने गेले असं कुणी विचारलं की मी एक क्षण थांबते. त्या थांबण्याचा मला राग येतो.

ते निघाले ती डिसेंबरातली सकाळ होती. टॅक्सी खाली आलेली. धुकं इतकं की कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. मुलगा बॅगा घेऊन आधीच खाली गेला. काकांनी मला, सुनेला आणि नातीला दारापाशी उभं केलं, आणि नातीसमोर, पण दोन हात लांब, खाली बसले.

“मी चलाक लागलंय की माका मागसून हाक मारूची नाय,” ते म्हणाले. “कोणीच नाय. मी लिफ्टीत गेल्यार, दार लागल्यार बोला. समाजला?”

“पण आजो, बाय म्हणायचं ना?” नातीने विचारलं. मराठीत विचारलं.

“आता म्हण. मगे नाय.”

तिने बाय म्हटलं. ते उठले. गुडघे वाजले. आणि ते त्या लांब गॅलरीतून चालायला लागले, कठड्याच्या बाजूने, मेव्राउंच्या रिकाम्या घराकडे न बघता. अर्ध्यावर गेल्यावर ते थांबले. आम्हाला वाटलं वळणार. त्यांनी नुसती आपल्या मागे, कमरेपाशी, उजव्या हाताने खूण केली, गुराला चल म्हणून करतात तशी. आणि पुन्हा चालू लागले.

सुनेने माझं मनगट पकडलं. मी आयुष्यात इतका वेळ गप्प राहिलेली नाही. आणि आमच्या दोघींच्या मध्ये ती सहा वर्षांची मुलगी, तोंडावर मास्क, मास्कवर दोन्ही हात गच्च दाबलेले, त्या पाठीकडे बघत, श्वाससुद्धा बाहेर पडू न देता उभी होती.